फूटपट्टी ठेवून बघ

चरई, ठाणे
मंगळवार, रात्री

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास, त्याचा मला राग नाही. आला होता. सोमवारी दुपारी गवार मोडता मोडता गेला. "आई, तुला त्यातलं काय कळतं" म्हणालास, त्याचंही काही नाही. जेवलास का, हे विचारायच्या आधी मी लॅपटॉप दाखव म्हणाले, ते बाबांनाही आवडलं नव्हतं. म्हणाले, तीन आठवडे झाले पोराला जाऊन आणि तू यंत्राची चौकशी करतेस.

पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू "हो हो, हो हो" करत राहतोस. पत्राला हो हो करता येत नाही.

बॅटरीचं या पत्रात काही लिहायचं नाही, असं बाबांना कबूल केलंय. तुझा टचपॅड, म्हणजे कीबोर्डखालचा बोट फिरवायचा चौकोन, नीट चालत नाही म्हणालास, तेवढ्यापुरतंच लिहिते.

काल दुपारी ताईचा जुना लॅपटॉप काढला, माउस उपसून बाजूला ठेवला आणि टचपॅडवर एक पोस्टकार्ड चिकटवलं, सवयीने बोट जायला नको म्हणून. मग सगळं नुसत्या कीबोर्डवर करून पाहिलं. सगळं होतं! तुम्हा मुलांना बाण हलेनासा झाला की हातच तुटल्यासारखं होतं. आम्ही नौपाड्यातल्या क्लासला गोदरेजच्या मशीनवर ए-एस-डी-एफ बडवत होतो तेव्हा कुठला आलाय माउस. बोटांनी जागा ओळखायची आणि नजर कागदावर. सर मागून येऊन हातांवर वर्तमानपत्र धरायचे. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा मी त्या वर्तमानपत्राच्या जोरावर पास झाले. तेव्हा "काय कळतं" याला माझं उत्तर एवढंच.

असो. भांडत नाहीये.

आधी कीबोर्डची सगळ्यात वरची रांग बघ. एफ-१, एफ-२ लिहिलेल्या बटणांपैकी एकावर छोट्या चौकोनाचं चित्र असेल, खाली दोन खाचा, नाहीतर वरून तिरकी रेघ. टचपॅड बंद-चालू करायचं बटण ते. काही मशीनवर नुसतं दाबायचं, काहींवर एफ-एन धरून. पुसताना, नाहीतर अंधारात आवाज कमी करायला जाताना ते दाबलं जातं आणि माणूस दोन दिवस डोकं धरून बसतो. ताईचं असंच झालं होतं. दुरुस्तीवाल्याने एक बटण दाबून दोनशे रुपये घेतले, आणि ते योग्यच होतं, असं बाबा आजही म्हणतात.

त्याने नाही झालं तर विंडोजचं बटण दाब आणि सरळ टचपॅड असं इंग्रजीत टाइप कर, एंटर. सेटिंगचं पान उघडतं. टॅबने त्या खटक्यापर्यंत जायचं आणि स्पेस दाबायचा. तिथेच आणखी एक गोष्ट आहे, ती नीट बघ: माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायचा की नाही, असं विचारलेलं असतं. तिथे खूण नसेल तर माउस जोडला की पॅड झोपतो. आणि तुझा तो ब्लूटूथ माउस तू बंद करत नाहीस, सॅकमध्ये तसाच टाकतोस. सॅक पलंगाखाली, माउस आत जागा, आणि तू वर बसून टचपॅडला दोष देतोस, असंही असू शकतं. देवा, असंच असू दे.

मग रीस्टार्ट. शट डाउन नव्हे. हे मलाही कालच नीट समजलं. हल्ली बंद केलेला लॅपटॉप लवकर उघडावा म्हणून विंडोज आतलं बरंचसं तसंच गुंडाळून ठेवतं आणि सकाळी तेच उलगडतं, म्हणजे कालची बिघडलेली गोष्ट आजही बिघडलेलीच. रीस्टार्टला सगळं पहिल्यापासून मांडतं. विंडोज आणि एक्स एकदम, मग यू, मग आर. माउस लागत नाही.

ड्रायव्हरचं, म्हणजे टचपॅड चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रामचं, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. विंडोज-एक्स, मग एम, की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांची यादी. तिथे बाणांच्या बटणांनी टचपॅडच्या नावावर जायचं, शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की उजव्या क्लिकचा मेनू उघडतो, तिथून काढून टाकायचा आणि रीस्टार्ट करायचा. तो स्वतःच परत बसतो. अपडेटनंतर बिघडलं असेल तर त्याच जागी आधीच्या ड्रायव्हरवर परत जाता येतं. आणि मशीन चालू होतानाच एफ-२ नाहीतर कंपनीचं जे बटण असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, गेलास तर तिथेही पॉइंटिंग डिव्हाइस, म्हणजे टचपॅडच, बंद केलेलं नाही ना, ते कळतं.

हात कोरडे असू देत. तू आंघोळीहून येतोस आणि ओल्या बोटांनी सुरू होतोस. पॅडला दाब कळत नाही, बोटाच्या अंगची वीज कळते, म्हणून पाणी असलं की तो गोंधळतो. चार्जर लावल्यावरच बाण नाचत असेल तर भिंतीतल्या पॉइंटला अर्थिंग नसेल. पीजीवाल्यांच्या वायरिंगचं काय सांगावं. दोन पिनांचा जोड लावला असशील तर तो काढ, चार्जर उपस आणि नुसत्या बॅटरीवर चालवून बघ, बाण शांत झाला तर

बघ, आला तो शब्द.

आता आलाच आहे तर लिहून टाकते. रविवारी तू म्हणालास, "बाण हलतो कधीकधी, पण क्लिक होत नाही, अंगठ्याने जोरात दाबून धरलं की होतं." आणि मला दाखवायला तू तसा दाबलास. पुरीचं पीठ मळताना दाबतात तसा. मागे टेबलावर लॅपटॉप डुगडुगत होता. नंतर तू झाकण मिटलंस, ते पुढच्या बाजूला मिटलंच नाही, वाफवलेल्या शिंपल्यासारखी फट राहिली. तू बोलत होतास ते मी त्यानंतर ऐकलेलंच नाही. तू विचारलंस, "आई, ऐकतेयस ना?" आणि मी म्हणाले, "उशीवर ठेवतोस का रे तो रात्री?" तिथून आपलं बिनसलं.

सोमवारी संध्याकाळी छत्री घेऊन मी स्टेशनजवळच्या त्या गल्लीत गेले. दुरुस्तीवाला ओळखीचा, त्याने बसायला स्टूल दिलं. मी एवढंच सांगितलं, की क्लिक होत नाही आणि झाकण मिटत नाही. त्याने मान वर न करताच म्हटलं, "टचपॅड चांगलाय मॅडम. खालून ढकलतंय त्याला." मग दुकानाच्या दारात, छपराखाली ठेवलेला पत्र्याचा डबा दाखवला. तळाला रेती आणि तिच्यावर दोन बॅटऱ्या. चांदीच्या कागदाच्या चपट्या पुड्या असतात ना आतून, त्या टम्म. डोशाच्या पिठाची पिशवी फ्रिजबाहेर राहिली की कशी फुगते, अगदी तशा. आतलं रसायन जुनं झालं, उष्णतेने विघटन झालं, की गॅस धरतो आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी मनगटाखाली आणि टचपॅडच्या पोटाशी असते, मग ती पॅडला वर उचलते. वर उचललेला पॅड खाली जाणार कुठे? म्हणून क्लिक होत नाही. आणि आपण म्हणतो, जोरात दाबून बघू.

तेच दाबायचं नाही, एवढंच मला रविवारी सांगायचं होतं. सांगता सांगता मी तुझ्या झोपायच्या वेळा, डबा, केस, सगळ्यावर गेले. माफ कर. मला एक सांगायचं असतं आणि तोंडातून दहा निघतात, आजीचं अंग आहे ते.

२०२० मध्ये तो घेतला तेव्हा बाबांनी पोस्टातली आवर्तक ठेव मोडली होती, हे तुला माहीत नाही. सांगायचं नव्हतं. कॉलेजचे तास घरून, मग रात्रीच्या गोष्टी, मग प्रोजेक्ट. वर्षानुवर्षं तो चोवीस तास चार्जरला आणि शंभरावरच असायचा. बॅटरीला भरल्या पोटी बसून राहणं मानवत नाही, म्हणून आता बऱ्याच कंपन्या ऐंशी टक्क्यांवर थांबायची सोय देतात. शिवाय तू तो गोधडीवर ठेवायचास. खालच्या जाळ्या गोधडीने बंद. मी किती वेळा हात घालून बघायचे, तवा उतरवल्यासारखा गरम. तेव्हा ओरडायला हवं होतं. ओरडायचे ते भलत्या गोष्टींवर.

लहानपणी तू माझ्या ऑफिसात यायचास ते आठवतं? शाळा लवकर सुटायची त्या दिवशी. तेव्हाच्या माउसच्या पोटात रबरी गोळा असायचा. बाण अडखळायला लागला की माउस उलटा करायचा, चकती फिरवून गोळा हातावर घ्यायचा आणि आतल्या दोन बारीक रुळांवरचा मळ नखाने खरवडायचा. करड्या रंगाची वळी निघायची. ते काम तुला फार आवडायचं. एकदा साहेब आले आणि चार टेबलांवरचे चारही माउस पोटं उघडी टाकून पडलेले, आणि तू मोठ्या दालनात फरशीवर गोळ्यांनी गोट्या खेळत होतास. साहेब वाकले आणि एक गोळा त्यांनी नेम धरून मारला. मला बोलणी बसली नाहीत, पण मी घरी येऊन तुला मारलं. का मारलं, ते आजही सांगता येत नाही.

बाबा मागे बसून मोबाइलवर वाचून सांगतायत की ॲपलने १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० या लॅपटॉपला गोळ्याच्या जागी बोट फिरवायचा पॅड बसवला. बरं, लिहिलं हो.

तर आता काय कर. लॅपटॉप बंद कर, चार्जर काढ. स्टीलची फूटपट्टी घे आणि तिची कड टचपॅडवर आडवी टेकव, दोन्ही टोकं मनगट ठेवतो त्या भागावर येतील अशी. टोकं टेकली तर ठीक. फूटपट्टी मधे टेकून दोन्हीकडे झोके घ्यायला लागली तर पोट आलंय. मग लॅपटॉप फरशीवर ठेवून चारही कोपऱ्यांना बोट लाव. पाटा डुगडुगतो तसा डुगडुगला तर फुगवटा तळातही आहे. टेबल वाकडं असेल असं तू म्हणशील, म्हणून फरशी.

पोट आलेलं असेल तर पुन्हा चालू करू नकोस, चार्जर लावू नकोस. "एवढं असाइनमेंट संपवतो" नाही. पलंगापासून, पडद्यापासून लांब, उघड्या फरशीवर ठेव. यूट्यूब बघून स्क्रू उघडायला जाऊ नकोस. बऱ्याच बॅटऱ्या आत चिकटवलेल्या असतात आणि मुलं त्या सुरीने, चमच्याने उपसायला जातात. भोक पडलं की तिथेच पेट घेते. आपल्याकडे कुरिअरने तर अजिबात पाठवू नकोस. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला हातात घेऊन जा, आणि निघालेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू देऊ नकोस त्यांना. फायलींची काळजी नको, बॅटरी बदलली तरी त्या जिथल्या तिथे असतात. पैसे बाबा पाठवतील. त्यांना आवडेल पाठवायला. तू काही मागतच नाहीस हल्ली.

नंदूकाकांच्या गाळ्याचं मी काढत नाही. तुला आठवतंय, मला आठवतंय.

हे सगळं वाचून तुला वाटेल, आईला कुठूनतरी भीतीच हवी असते. असेल. तीन हात नाक्याला तुझी बस सुटली तेव्हा तू खिडकीतून हात केलास आणि मी तुझ्या सॅककडे बघत होते, चेन अर्धी उघडी होती. हाताला हात केलाच नाही मी. घरी आल्यावर लक्षात आलं.

तुझ्या नोकरीच्या पत्राची प्रिंट देव्हाऱ्याखालच्या खणात आहे. दोन स्पेलिंग चुकलीयत त्यांची, पण कागद चांगला वापरलाय. शेजारच्या काकूंना दाखवलं, त्यांनी चष्मा नाही म्हणून मलाच वाचायला लावलं, मग मी वाचलं. दोनदा.

फूटपट्टी तुझ्या निळ्या कंपासपेटीत आहे आणि कंपासपेटी सॅकच्या पुढच्या कप्प्यात. "कशाला टाकतेस" म्हणून तू काढून ठेवली होतीस, मी परत टाकली.

झाकण मिटून, डोळ्याच्या रेषेत धरून, बाजूने एक फोटो पाठव. बोलायला नको असेल तर नको बोलूस. नुसता फोटो.

तुझी,
आई

ता.क. बाबा दोनदा विचारून गेले, फोटो आला का. मी अजून हे पाठवलेलंच नाही.