पैलवान सुटला

गावभाग, सांगली

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

पैलवान तुरुंगातून सुटला. फोनवर बोलण्याजोगं नव्हतं आणि त्या खुनाच्या रात्री माझ्याबरोबर तूच होतास, म्हणून लिहायला बसलो. माझी शुगर गोळ्यांवर ठीक, हिची मान धरते, पट्टा लावते. तब्येतीचं एवढंच.

तालमीच्या कोपऱ्यावर मंडळाच्या पोरांनी भलाथोरला फ्लेक्स लावला. पैलवानाचा विशीतला लांग लावलेला फोटो कुठून पैदा केला देव जाणे. वर ठळक अक्षरात 'वाघ परतला', खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. त्यातली निम्मी पोरं तो आत गेला तेव्हा जन्मलीही नव्हती. मिरवणूक काढायची म्हणून हलगीवाल्याला सुपारीही देऊन झाली होती.

त्याच रात्री पैलवान मागच्या दारानं आला. खुर्चीत बसेना, उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसला. त्याचे हात बघितलेस तर ओळखणार नाहीस, पार शेतकऱ्याचे झालेत. शेवटची वर्षं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भाजी पिकवत होता. औंधच्या राजांनी १९३९ साली काढलेली ती वसाहत. खुनाच्या शिक्षेतली माणसं तिथं भिंतीशिवाय, बायकापोरांसकट राहतात, शेती करतात. तुझे आजोबा त्या वसाहतीच्या गोष्टी सांगायचे तेव्हा आपल्याला थापा वाटायच्या. पैलवानानं चहा घेतला आणि एकच मागणं केलं. "आप्पा, ते उतरवायला सांग पोरांना. भाचा तिथनंच रोज मार्केट यार्डात जातो."

भाचा आठवतो ना? त्या रात्री तू खांद्यावर घेऊन बाहेर नेलंस तो. आता हळदीच्या पेढीवर हिशेबाला आहे. बापाला मारणारा मामा, आणि मामाला 'वाघ' म्हणणारा फ्लेक्स डोक्यावर घेऊन त्यानं कामाला जायचं!

सकाळी पक्कड घेऊन मीच गेलो आणि तारा कापायला लागलो. पोरं जमली. त्यातलं एक, चांगलं शिकलेलं, माझ्यासमोर उभं राहून म्हणालं, "काका, पैलवानानं चूक केली का? तेवढं सांगा, आम्हीच उतरवतो." दत्ता, सगळी नोकरी कोर्टात शिरस्तेदारी केली, खुनाच्या फायलींचे गठ्ठे बांधले, पण मला हो म्हणता येईना की नाही म्हणता येईना.

कायद्यात उत्तर आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला समोरच्याचा जीव घेतला तरी तो गुन्हा नाही. तेव्हा दंड संहितेत ते कलम १०० होतं, नव्या न्याय संहितेत ३८ झालं. मुख्य अट, बचावाला लागेल तेवढंच. दाजी, भाच्याचा बाप, कोयता घेऊन स्वतःच्या बायकोच्या, पैलवानाच्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या अंगावर गेला, पैलवानानं मनगटावर घाव घालून कोयता पाडला. तिथंच तो थांबला असता तर कोर्टानं त्याला हात लावला नसता. मनगटाच्या त्या घावानं दाजी मेला असता तरीही नाही. पण कोयता पैलवानाच्या हातात आला, दाजी खाली पडलेला होता, आणि मग दुसरा घाव बसला. जन्मठेप झाली ती त्या दुसऱ्या घावाची.

माझं मत तेव्हापासून तेच आहे आणि त्यावरून आपण किती भांडलो ते तुला सांगायला नको. समोरच्याच्या हातात हत्यार आहे आणि दुसरा इलाज नाही, तोवर मारण्याला माझी ना नाही. अहिंसेचं नाव काढलं की तू गांधींना मध्ये आणतोस, पण १९२६ साली त्यांनीच लिहिलंय की तलवार घेऊन दिसेल त्याला कापत सुटलेल्या माणसाला जिवंत धरता येत नसेल, तर त्याला मारणाऱ्याचे लोक उपकार मानतील. मात्र त्याचा हात रिकामा झाला की गोष्ट बदलते.

हरिपूरला संगमावर भडंग खाता खाता तू मला गीता ऐकवली होतीस, 'हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं', लढताना मेलास तर स्वर्ग. भडंग निम्मं संपवलंस आणि वर मला भित्रा म्हणालास. मी पहिला अध्याय काढला. तिथं अर्जुन कौरवांना आततायी, म्हणजे जिवावर उठलेले, म्हणतो आणि तरीही म्हणतो, यांना मारून पाप आपल्यालाच लागेल. पुढं तो लढतो, हे मान्य. पण ज्याला असं आधी वाटत नाही त्याच्या हातात मी तर धनुष्य देणार नाही.

आणि ते पेढे! २१ नोव्हेंबर २०१२. येरवड्यात कसाबला फाशी दिली त्या सकाळी तू पेढे घेऊन आलास आणि मी हात लावला नाही. तू म्हणालास, "साताऱ्याच्या मातीतला माणूस गेला आणि तुला पेढा जात नाही!" कसाबला धरणारे तुकाराम ओंबळे माझ्याही काळजाचा विषय आहेत रे. जावळीतल्या केडंब्याचा तो माणूस, हातात नुसती लाठी, आणि रायफलची नळी छातीशी धरून ठेवली. अंगावर गोळ्या घेतल्या, पण मागच्यांना वेळ मिळाला आणि कसाब जिवंत हाती लागला, म्हणून तर कटाचं मूळ बाहेर आलं. कसाबच्या गाडीतला दुसरा अतिरेकी पोलिसांच्या गोळीबारात गेला, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. तो गोळ्या झाडत होता. कसाबला मात्र चार वर्षं कोठडीत ठेवून मग मारलं. मी तुला एवढंच विचारलं, पैलवानालाही ३०२च लागलंय, त्याच कलमात फाशीही आहे, दिली असती तर पेढे आणले असतेस का? तू चपला घातल्यास आणि गेलास, पुढच्या दिवाळीचा फराळही पाठवला नाहीस. आजही विचारीन, आणि तू आजही चिडशील. पण आपल्या पैलवानाला एक माप आणि त्याला दुसरं, हे मला जमत नाही.

असो. तिकडं फ्लेक्सपाशी पोरांपैकी एकानं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या पत्री सरकारचा विषय काढला. "कुंडलच्या लोकांनी हत्यारं घेतलीच ना काका? मग?" घेतलीच. १९४३ साली शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली, त्या चळवळीच्या धामधुमीत माणसंही मेली. पण हत्यार हातात असूनही ते गावोगावी निवाडे करत, तक्रार ऐकत. मी म्हटलं, त्या दिवशी घरात निवाडा करायला कोण बसलं होतं? फ्लेक्स उतरला, पण कुणी समाधानानं गेलं नाही.

खरं लिहायचंय ते पुढचं आहे. दुपारी अक्का आली, हातात त्या उतरवलेल्या फ्लेक्सची पट्टी. वाटलं, आभार मानेल. म्हणाली, "आप्पा, तुम्ही दोघं मित्र इतकी वर्षं पहिला घाव, दुसरा घाव करत बसलाय. पहिल्या घावानं कोयता पडला, बरोबर. नवरा मेला नसता तर दवाखान्यातनं टाके घालून कुठं आला असता? माझ्याच घरी ना? चौकीत मी किती वेळा गेले, घरातलं आहे, मिटवा म्हणाले. माहेरी आले तर चार माणसांनी परत नेऊन घातलं. दुसरा घाव बसला म्हणून मी आज तुमच्यापुढं उभी आहे."

दत्ता, याला काय उत्तर आहे? कायदा ती एक घटका बघतो. कोयता कुणाच्या हातात होता, कोण उभं होतं, कोण पडलं होतं. तिला ती घटका वेगळी काढताच येत नाही, तिच्यासाठी प्रत्येक रात्र तीच होती. बाईला घरात संरक्षण देणारा वेगळा कायदा २००५ साली झाला, तिच्या उपयोगाचा राहिला नव्हता. आता मला वाटतं, मारणं न्याय्य होतं का हा प्रश्न आपण फार उशिरा आणि चुकीच्या माणसाला विचारतो. कोयता उगारल्यावर पैलवानाला विचारतो. आधीच्या एवढ्या वर्षांत चौकीला, त्या चार माणसांना, भिंतीपलीकडनं सगळं ऐकणाऱ्या गल्लीला कुणी विचारलं नाही. त्यांनी वेळेवर काही केलं असतं तर पहिल्या घावाचीही गरज नव्हती.

तरीही दुसऱ्या घावाला बरोबर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पैलवानाला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मी काय केलं असतं ते ठाऊक नाही. पण दाजी खाली पडला होता, हात जोडत होता, हे पैलवानानंच त्या रात्री आपल्याला सांगितलं. त्यानं ते कधी लपवलं नाही. 'वाघ' म्हटल्यावर तो कासावीस होतो ते त्यामुळंच. अक्काला जगायचा हक्क होता, आणि पडलेल्या माणसालाही होता, त्यानं कितीही छळलं असलं तरी. हे दोन्ही मला एकदम खरं वाटतं आणि एकाला सोडून दुसरं धरता येत नाही.

तुझ्या लेकीला नाशकातच पोस्टिंग मिळालं हे उत्तम झालं. गुडघ्याचं ऑपरेशन लांबवू नकोस. वहिनींना नमस्कार.

आता कामाचं. भाच्याचं लग्न ठरलंय, मार्गशीर्षात. काल तो पेढीवरून घरी जाताना थांबला. हाताला अजून हळद होती. विचारलंन, "काका, अंतरपाटाशी मामाला उभं करू का? आई म्हणते कर. मला मामाचा राग नाही, पण बाबाही आठवतात." मी म्हटलं, कर, मामा म्हणून तोच एक आहे तुला, आणि बाबांचा फोटो देवघरात पूजेला ठेव, त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. पण ते माझं मत झालं. त्या रात्री तू त्याला खांद्यावर घेतलं होतंस, त्याला तुझंही ऐकायचंय. मला नको, त्यालाच लिही, पेढीच्या पत्त्यावर. आणि लग्नाला चार दिवस आधी ये.

तुझा,
आप्पा