विज्या, एकदाचं लागलं

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय विज्या,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "लागलं का बे ते?" आणि मी दोन्ही वेळा विषय बदलला. आज सांगतो, कारण लागलंय.

प्लेस्टेशन ३ म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं २००६ सालचं यंत्र. एवढं जुनं कशाला घेतलंस म्हणशील. ज्याचे नुसते फोटो बघून आपण दिवस काढले, ते स्वस्तात मिळालं तर सोडायचं का? टीव्हीला एचडीएमआय वायर लावली, दहा मिनिटांत गेम सुरू. आईनं आधी ते शोकेसमध्ये काचेआड ठेवलं होतं. इथलं ऊन तुला माहीत आहे. पंखा गिरणीसारखा घरघरायला लागला, तेव्हा बाहेर काढलं.

पण मला गेमपेक्षा बाबांचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे होते. हँडीकॅमच्या कॅसेटवरून त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेले. एक तासाची कॅसेट म्हणजे साधारण १३ जीबीची एकच फाइल. पेनड्राइव्हवर घालायला गेलो, तर हे यंत्र फक्त फॅट३२ पद्धतीनं, म्हणजे फाइली मांडायच्या जुन्या पद्धतीनं, तयार केलेला पेनड्राइव्ह वाचतं आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. म्हटलं, घरात राउटर आहे, त्यावरूनच दाखवू.

ऐकायला सोपं. कॉम्प्युटरवर 'मीडिया स्ट्रीमिंग', म्हणजे घरच्या नेटवरून व्हिडिओ पाठवायची सोय, चालू करायची, यंत्रात व्हिडिओच्या रांगेत जाऊन मीडिया सर्व्हर, म्हणजे तोच कॉम्प्युटर, शोधायचा. मी शोधला. तीन दिवस शोधला! एकाच राउटरवर दोघं, तरी एकमेकांना ओळख दाखवेनात, भाऊबंदकीतल्या चुलत्यांसारखे. यंत्र बंद करून चालू केलं, राउटर बंद करून चालू केलं, विकणाऱ्याला मनातल्या मनात चार शिव्याही घातल्या.

चूक माझीच निघाली. वाय-फाय पहिल्यांदा जोडताना विंडोजनं विचारलं होतं, इतरांना हा कॉम्प्युटर दिसू द्यायचा का? मी घाईत 'नाही' दाबलं होतं. त्यामुळे तो घरच्या नेटलाही एसटी स्टँडवरचं नेट समजून तोंड लपवून बसलेला. नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं, स्ट्रीमिंगच्या यादीत परवानगी दिली, आणि टीव्हीवर कॉम्प्युटरचं नाव उमटलं. मी एवढ्यानं ओरडलो की आई पोळपाट सोडून आली.

आणि तिच्यासमोरच फाइलवर आलं: 'अनसपोर्टेड डेटा'. कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवलेली फाइल याला पचत नाही, एमकेव्ही प्रकारचीसुद्धा नाही. एच.२६४ पद्धतीनं दाबून लहान केलेली एमपी४ प्रकारची फाइल लागते. मग फाइलचा प्रकार बदलणारं हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेतलं आणि रात्रभर एकेक फाइल बदलत बसवली. सकाळी लावलं तर दर मिनिटाला अडखळायला लागलं. याचं वाय-फाय जुन्या पद्धतीचं, आणि मधे आमच्या वाड्याची दगडी भिंत. शेवटी माळ्यावरून राउटरपासून यंत्रापर्यंत पंधरा मीटर लॅन केबल, म्हणजे नेटची वायर, ओढली. दिसायला घाण दिसते, पण चित्र हलत नाही. तू कधी लावलंस तर आधी वायरच टाक, माझ्यासारखा वाय-फायशी भांडत बसू नकोस.

पहिला व्हिडिओ आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचा लावला. संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतायत, सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या उभ्या, बाराबंदी अंगरखा घातलेली माणसं, आणि बाबांचा हात थरथरतोय म्हणून सगळं चित्र डोलतंय. मधेच तू दिसतोस. कुणाच्या तरी खांद्यावर बसून पिपाणी वाजवतोयस, नाकाला शेंबूड. आईनं तेवढाच तुकडा चारदा मागं घ्यायला लावला. जॉयस्टिक तिच्याच हातात होती, आता ती मला देत नाही.

यादी जुळवताना कळलं, तीन कॅसेट कमी आहेत. तुझ्या ताईच्या लग्नाला बाबांनी शूटिंग केलं होतं, तेव्हा त्या तुमच्याकडे राहिल्या असणार. काकूंना माळा बघायला सांग. हँडीकॅमसुद्धा तुमचाच आण, आमच्याची कॅसेटची खिडकी उघडत नाही. मे महिन्यात येशील तेव्हा दुसरी जॉयस्टिक चार्ज करून ठेवतो. शेंगाचटणी इथून नेशीलच.

तुझा,
संज्या