‘सुधारेल ना?’ या तुझ्या प्रश्नाविषयी

सातारा,
पितृपक्ष, तृतीया

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा पोहोचले. फोन करण्याऐवजी तू चार पाने हाताने लिहिलीस, यावरूनच प्रकरण तुला किती लागले आहे ते कळले, म्हणून उत्तरही पत्रानेच देतो आहे. लेकीने मुलांसारखे बारीक केस कापून घेतले, वहिनींनी रागाच्या भरात तिचा फोन काढून घेतला, त्यातले मैत्रिणीला पाठवलेले, प्रेमाचे वाटावेत असे मेसेज वाचले, आणि त्या रात्रीपासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, एवढे मला समजले. काकूंचा मात्र एकच आक्षेप आहे, की केस पितृपक्षात कापले. ते वाचून मी मोठ्याने हसलो. मग लक्षात आले की तुम्हा सर्वांत त्यांचीच तक्रार बरी, कारण ती सर्वपित्री अमावस्येला संपेल.

तुझी तक्रार तशी संपणारी नाही. ‘तू रोज या वयाची मुले पाहतोस, तर खरे सांग, ही पुढे सुधारेल ना?’ असे तू विचारले आहेस. सव्वीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवून मला जे थोडेफार कळले आहे ते हे, की या एका क्रियापदात आपण तीन निराळ्या गोष्टी कोंबतो. मूल कसे चालते, बोलते, काय घालते ही एक गोष्ट. त्याचे मन कोणाकडे ओढले जाते ही दुसरी. आणि आपण मुलगा आहोत, मुलगी आहोत की आणखी काही, याविषयी त्याला आतून काय वाटते ही तिसरी. पहिली डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरून आपण उरलेल्या दोहोंचा निकाल लावून मोकळे होतो. तूही केसांवरून मेसेजपर्यंत आणि मेसेजवरून पंधरा वर्षांनंतरच्या लग्नापर्यंत एका रात्रीत पोहोचलास. बारीक केसांच्या, कबड्डी खेळणाऱ्या, घसा ताणून भांडणाऱ्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या, आणि पुढे त्यांची मने कोणाकडे गेली याचा त्यांच्या केसांशी काही संबंध मला दिसला नाही. वेणी, गजरा आणि पैंजण घालणाऱ्या मुलींतल्या एखादीचे मन दुसऱ्या मुलीकडे गेले असेल, तर ते मला कळलेही नसेल, कारण तिच्याकडे संशयाने पाहावे असे मला कधी वाटलेच नाही.

गणपतीत तू मला तिचा फोटो पाठवला होतास. डोक्यावर भगवा फेटा, कमरेला ढोल बांधलेला, हातात टिपरू, कपाळावरून घाम ओघळतो आहे आणि तोंड उघडे, बहुधा ओरडत असावी. खाली तू लिहिले होतेस, ‘आमची वाघीण’. त्या दहा दिवसांत तिने पुरुषाचा फेटा बांधला, भर रस्त्यात पाय फाकवून उभी राहून ढोल बडवला, रात्री अकराला घरी आली, आणि अख्ख्या सोसायटीने कौतुक केले. अनंत चतुर्दशी उलटताच तीच मुलगी जरा मोठ्याने हसली तरी ‘हळू, मुलीच्या जातीला शोभत नाही’ असे तिला ऐकावे लागते. आपल्याकडे मुलीच्या मर्दानीपणाला अशी हंगामी परवानगी असते. लहानपणी तर ती बारमाही असते: सहा-सात वर्षांची मुलगी झाडावर चढली तर आपण ‘मुलासारखी धीट’ म्हणून मिरवतो. पाळी सुरू झाली की त्याच गोष्टी एकेक करून काढून घेतल्या जातात, ओढणी येते, दिवेलागणीची वेळ येते, मामाकडे गेल्यावर मामेभावांसोबत गच्चीवर झोपणे बंद होते. जॉन हिल आणि मेरी एलन लिंच या अमेरिकन अभ्यासकांनी १९८३ मध्ये असे मांडले होते, की पौगंडावस्थेत मुलामुलींवर आपापल्या लिंगाला साजेसे वागण्याचा दाब एकदम वाढतो. त्यांच्या मांडणीला पुढे सगळीकडे सारखा आधार मिळाला नाही, पण आपल्याकडच्या कोणत्याही घरात सातवीतल्या मुलीचे एक वर्ष नुसते पाहिले तरी ते काय म्हणत होते हे समजते.

मुलाच्या वाट्याला ही हंगामी परवानगीसुद्धा येत नाही. याबाबत माझ्या हातून जे घडले ते मी तुला कधी सांगितले नव्हते. काही वर्षांपूर्वी आठवीत माझ्या वर्गात एक मुलगा होता. रांगोळी अशी काढायचा की स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री बाई त्याला मुलींच्या गटात बसवून घेत. बोलताना त्याचे हात हलत, मनगटे वळत, आणि मागच्या बाकावरून ‘बायल्या’ असा शब्द यायचा. एकदा तो फळ्याजवळ उभा राहून पचनसंस्था समजावून सांगत होता, वर्ग हसू लागला, आणि मी हसणाऱ्यांना गप्प करण्याऐवजी त्यालाच म्हणालो, ‘हात खाली ठेवून बोल.’ मला वाटले, मी त्याला वाचवतो आहे. त्या दिवसापासून तो उत्तर द्यायला उठला की दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचा; फळ्यावर आकृती काढताना उजवा हात बाहेर आणि डावा खिशात. दोन वर्षे मी ते पाहिले. गेल्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर तो भेटला, कुठेशी नोकरीला आहे, मिशी ठेवली आहे, मला चहा पाजला. पेला उजव्या हातात होता आणि डावा हात खिशात. त्याचे मन कोणाकडे जाते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आजही नाही, आणि ते ठाऊक असण्याचे मला कारणही नव्हते.

आता मेसेजविषयी. ‘हे सगळे त्या फोनमुळे डोक्यात शिरले’ असे वहिनींचे म्हणणे आहे. तसे नसते. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी साधारण सहाव्या ते आठव्या वर्षापासूनच आपली संप्रेरके वाढवू लागतात, म्हणजे वयात आल्याची बाहेरची खूण दिसण्याच्या कितीतरी आधी. शिकागोचे अभ्यासक मार्था मॅक्क्लिंटॉक आणि गिल्बर्ट हर्ट यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की पहिले आकर्षण लोकांना सरासरी दहाव्या वर्षाच्या आसपासचे आठवते, मग ते मुलगे असोत की मुली, आणि ते आकर्षण भिन्नलिंगी व्यक्तीचे असो की समलिंगी. म्हणजे ओढ चौथी-पाचवीत येते. ती आपल्यासारख्याच मुलाकडे किंवा मुलीकडे असेल तर तिला काय म्हणायचे हे मात्र कोणी सांगत नाही, आणि आपल्या भाषेत तर त्यासाठीचा शब्द पोरांच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो शिवी म्हणूनच. ओढ आल्यापासून तिला साधे, सभ्य नाव सापडेपर्यंतची चार-सहा वर्षे अशा मुलाला एकट्याने काढावी लागतात. त्या वर्षांत ते शिकते ते एवढेच, की काय बोलायचे नाही. ज्या मुलाचे मन मुलीकडे जाते त्याला आपण चिडवतो, पण ते चिडवणेसुद्धा एक प्रकारची ओळख देणे असते. या मुलांना तेवढेही मिळत नाही.

मीही त्यात धुतल्या तांदळासारखा नाही. दहावीच्या विज्ञानात प्रजनन संस्थेचा भाग आला की ‘हे घरी वाचून या’ म्हणणाऱ्यांत माझाही पहिली आठ वर्षे समावेश होता. पुढे शिकवू लागलो तरी मुलगा की मुलगी हे ठरवणाऱ्या एक्स-एक्स आणि एक्स-वाय गुणसूत्रांच्या आकृतीपाशी थांबत असे. पोरे खोक्यात निनावी प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकू लागली तेव्हा डोळे उघडले. तुला रघुनाथ धोंडो कर्वे ठाऊकच आहेत. १९२७ पासून मरेपर्यंत ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते आणि वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना त्यात सरळ उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण यांविषयीच्या तशा उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि तरी खटला हरून कर्व्यांना दोनशे रुपये दंड भरावा लागला. माझ्या खोक्यातल्या चिठ्ठ्या वाचताना मला राहून राहून वाटते, की प्रश्न अजून तेच आहेत: ‘मला काही आजार आहे का?’

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर ‘अशांवर औषध देणारे एक डॉक्टर’ भेटले असल्याचा उल्लेख आहे, त्यावर मात्र मला जरा कडक लिहावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधील खासगी समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगितले. मन ‘बदलून’ देण्याच्या अशा उपचारांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. म्हणजे त्या डॉक्टरांकडे गेलास तर ज्याची तपासणी व्हायला हवी तो माणूस टेबलाच्या पलीकडे बसलेला असेल. समुपदेशकाची गरज असेल तर ती मला आत्ता तुला आणि वहिनींना दिसते, मुलीला नाही. तिने स्वतः मागितला तर गोष्ट निराळी.

मग ते मेसेज म्हणजे काय? मला ठाऊक नाही, आणि तूही ठरवू नकोस. चौदाव्या वर्षी दोन मुलींची मैत्री प्रेमाइतकी उत्कट असू शकते आणि खरोखरचे प्रेमही असू शकते. दोन्ही खरीच असतात. ‘या वयात असे होतेच, जाईल’ असे म्हणून तिला हसण्यावारी नेणे आणि ‘तू तशीच आहेस’ म्हणून आजच शिक्का मारणे, या दोन्हींत तिच्या वतीने आपण बोलतो. लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत, स्वतःला निव्वळ भिन्नलिंगी न मानणाऱ्या काही स्त्रियांशी दहा वर्षे संपर्क ठेवला, तेव्हा त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश जणींनी त्या काळात आपल्या ओढीला दिलेले नाव निदान एकदा तरी बदलले होते. यावरून लगेच आनंदून जाऊ नकोस, कारण मन आपल्या चालीने नवे वळण घेते आणि ते बाहेरून वळवता येते या दोन गोष्टी एक नव्हेत. दाबाने बदलते ते फक्त मुलाचे आपल्याशी बोलणे.

तिसऱ्या गोष्टीबद्दल थोडेच लिहितो. पँट आवडणारी मुलगी म्हणजे स्वतःला मुलगा समजणारी मुलगी नव्हे, हे वहिनींना सांग, म्हणजे त्यांची एक भीती कमी होईल. पण काही मुलांना ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ हा शब्दच सलतो, आणि तेही खूळ नसते. स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा अधिकार २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला आहे. तुझ्या लेकीने तसे काही म्हटल्याचे तुझ्या पत्रात नाही. कधी म्हणाली, तर तिचेच शब्द वापर.

एक मजेची गोष्ट आठवली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघे बसून भाजी निवडत असल्याचे चित्र आले, तेव्हा वर्तमानपत्रांत त्याची बातमी झाली होती. तुझी लेक तेव्हा दुसरीतच होती. तिच्या पिढीने पुस्तकात ते चित्र पाहिले, मग घरी स्वयंपाकघराच्या दारातून तुला पेपर वाचताना पाहिले, आणि कोणते खरे मानायचे ते ठरवले. रागावू नकोस, माझ्याही घरी तेच चित्र होते.

तू काय करावेस असे विचारतोस, तर आधी फोन परत दे, आणि देताना ‘आम्ही वाचले, ते चुकले’ असे वहिनींनी नव्हे, तू म्हण. पुढे काही विचारू नकोस. तिला सांगायचे असेल तर ती भांडी घासताना किंवा स्कूटरवर मागे बसल्यावर सांगेल. समोरासमोर बसवून विचारलेल्या प्रश्नाला या वयात कोणीही खरे उत्तर देत नाही, आपणही दिले नव्हते. शाळेत कोणी तिला काही म्हणत असेल तर तिथे मात्र स्वतः जा, आणि शिक्षकाने माझ्यासारखे ‘हात खाली ठेव’ छापाचे काही सुचवले तर त्याच्याशी भांड. दिवाळीतल्या पुतणीच्या लग्नात तिला लेहंगा घालायचा नसेल तर कुर्ता शिवून टाक. नातेवाइकांची तोंडे एका जेवणापुरती चालतील.

दिवाळीच्या आधी जमेल तेव्हा सगळे इकडे या. कासची फुले तोवर सरत आलेली असतील, पण लेकीला पठार दाखवायचेच आहे, आणि येण्याआधी कळवलेस तर तिकडचे बुकिंग मी करून ठेवीन. तिला एवढा निरोप दे, की काकाला ढोल शिकायचा आहे आणि टिपरू कसे धरायचे तेसुद्धा त्याला माहीत नाही. काकूंसाठी कंदी पेढे आणून ठेवतो. त्यांना सर्वपित्रीनंतरच घेऊन ये, म्हणजे प्रवासात केसांचा विषय निघणार नाही.

तुझा,
बाकावरचा जुना सोबती