पाऱ्याऐवजी आयोडेट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पेशींची केंद्रकं रंगवणारा हॅरिसचा हेमॅटॉक्सिलिन स्टेन लॅबमध्येच बनवणार आहेस हे चांगलं, पण जुन्या वहीतला मर्क्युरिक ऑक्साइड (पाऱ्याचं संयुग) पुन्हा मागवू नकोस. हेमॅटॉक्सिलिनचं ऑक्सिडीकरण करून हेमॅटेइन हे रंग देणारं द्रव्य बनवणं एवढंच त्याचं काम, आणि ते सोडियम आयोडेट न उकळता करतं.

१ ग्रॅम हेमॅटॉक्सिलिन पूर्ण पिकवायला, म्हणजे त्याचं हेमॅटेइन करायला, साधारण ०.२ ग्रॅम आयोडेट पुरतं. म्हणजे ५ ग्रॅमला १ ग्रॅम. पण तू ०.५ ग्रॅमच घाल. निम्मं हेमॅटॉक्सिलिन शिल्लक राहतं, हळूहळू हवेने पिकतं आणि स्टेन जास्त दिवस टिकतो. जुन्या कृतीत लिटरला २.५ ग्रॅम मर्क्युरिक ऑक्साइड पडायचा.

१०० ग्रॅम पोटॅश तुरटी ९५० मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये गरम करून विरघळव. पाणी निवू दे. ५ ग्रॅम हेमॅटॉक्सिलिन ५० मिलि अॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात ओत. आयोडेट थोड्या पाण्यात वेगळं विरघळवून मिसळ. कोरडी पूड अल्कोहोलजवळ नेऊ नकोस, ती तीव्र ऑक्सिडीकारक आहे. मग ४० मिलि ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड, वाफा ओढून घेणाऱ्या हूडखालीच. ते वगळलंस तर पार्श्वभूमीही रंगते. गाळून गडद बाटलीत भर.

थंडीत बाटलीच्या तळाशी स्फटिक दिसले तर स्टेन बिघडला असं समजू नकोस. पाण्यात इतकी तुरटी जेमतेम मावते, गारठ्याने ती खाली बसते. कोमट करून गाळ. वर धातूसारखी चकाकणारी साय येते, तीच सेक्शनवर (ऊतीच्या पातळ कापावर) निळे-काळे डाग पाडते. म्हणून रोज वापराआधी गाळायचंच.

सेक्शन स्टेनमध्ये ५ मिनिटं, मग ७० टक्के अल्कोहोलमधल्या १ टक्का हायड्रोक्लोरिक अॅसिडच्या एक-दोन डुबक्या. जास्त झाल्या तर केंद्रकं फिकी पडतात. धुऊन झाल्यावर ब्ल्यूइंग, म्हणजे लालसर केंद्रकं निळी करणं. नळाचं पाणी मृदू असेल तर केंद्रकं लालसरच राहतात. तेव्हा लिटरभर पाण्यात ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट घालून ते वापर. अमोनियाचं पाणी नको, सेक्शन सुटतात.

आणि कपाटातला जुना पारायुक्त स्टेन सिंकमध्ये मुळीच ओतू नकोस. तळाच्या गाळासकट घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेव, वर 'पारा' असं ठळक लिही आणि घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच दे.

तुझा,
विनय