साखळी दुकानांना टाळे, बचत गटांची उधारी बुडीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोठ्या साखळी दुकानांना टाळे लागले की चर्चा होते ती बँकांच्या थकबाकीची. ज्या बचत गटांनी तिथे कोकम सरबत, आंबापोळी, कुळथाचे पीठ उधारीवर दिलेले असते, त्यांची दखल कोणी घेत नाही. 2009 मध्ये सुभिक्षा या किराणा साखळीची सुमारे 1600 दुकाने बंद पडली, 2022 मध्ये बिग बझारची दुकाने हातची गेली. दोन्हीकडे कर्ज काढून केलेला विस्तार अंगाशी आला.

आमच्या रत्नागिरीतही अशाच एका दुकानाचे शटर कायमचे खाली आले आणि शेजारच्या गावातील महिलांच्या हाती उरली ती सही-शिक्क्यांच्या चलनांची फाईल व मुदत संपत आलेला माल. मला याची मनापासून चीड येते.

2016 च्या दिवाळखोरी संहितेत पैसे फेडण्याच्या क्रमात तारण कर्जे व कामगारांचे वेतन आधी, माल पुरवणारा बराच खाली. शिवाय 2020 पासून एक कोटीहून कमी थकबाकीसाठी त्याला दिवाळखोरीची कारवाई सुरूच करता येत नाही. मात्र सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा, 2006 नुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक असून विलंबावर व्याजही लागते. जिल्हा उद्योग केंद्राने आंब्याच्या हंगामापूर्वीच गावोगाव उद्यम नोंदणीची (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) शिबिरे घ्यावीत, म्हणजे गटांना या कायद्याचा आधार घेता येईल, आणि दुकान चालू असतानाच दाद मागायला गटांना मदत करावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी