अहवाल ‘असल्यास’ : परिवीक्षा कार्यालयातील एका सहायिकेचे मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बाल विकास विभाग,
महाराष्ट्र राज्य.

विषय : परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या सहायकांची अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ खालील नियमांत नोंद करण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. गेली काही वर्षे मी परिवीक्षा म्हणजेच प्रोबेशन अधिकाऱ्यांच्या हाताखाली मानधनावर सहायक म्हणून काम करत आहे. ‘मी प्रोबेशनमध्ये काम करते’ असे कोणाला सांगितले, की समोरचा हमखास विचारतो, ‘मग कायम कधी होणार?’ नोकरीतला प्रोबेशन वेगळा आणि न्यायालयाने दिलेला प्रोबेशन वेगळा, हे समजावून सांगायचे मी आता सोडून दिले आहे, कारण माझ्या बाबतीत तो प्रश्न चुकून का होईना, योग्य ठिकाणीच लागतो. हे पत्र मात्र मला कायम करा म्हणून नाही. आम्ही जे काम करतो त्याचा कायद्यात कुठेही उल्लेख नाही आणि त्याची किंमत ज्यांना मोजावी लागते ते आमच्यापेक्षा कितीतरी दुबळे लोक आहेत, एवढेच मला आपल्यासमोर मांडायचे आहे.

अधिनियम आपल्या परिचयाचा आहे, तरी हे पत्र खुले असल्याने वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला थेट तुरुंगात न पाठवता कलम ३ खाली समज देऊन, किंवा कलम ४ खाली जास्तीत जास्त तीन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते; त्यासोबत परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश दिला, तर ती देखरेख किमान एक वर्षाची असते. दोषी ठरलेल्या व्यक्तीचे वय एकवीसच्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल, तर कलम ६ आणखी पुढे जाते. अशा व्यक्तीला कलम ३ किंवा ४ चा लाभ देणे का योग्य नाही, याची कारणे नोंदवल्याशिवाय न्यायालयाने तिला कारावासाची शिक्षा देऊ नये, आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याकडून अहवाल मागवावा, असे ते कलम सांगते. मागवलेला अहवाल न्यायालयाने विचारात घ्यायचा आहे, पण तो ‘असल्यास’. माझे सगळे काम या ‘असल्यास’मध्ये आहे. अहवाल तारखेला टेबलावर असतो किंवा नसतो, आणि तो असावा यासाठी जी पायपीट होते तिच्यातला बराच भाग आम्ही सहायक करतो.

एक प्रसंग सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. विशीतला एक मुलगा, पहिलाच गुन्हा, मोबाईल चोरीचा. जामीनदार न मिळाल्यामुळे तो आतच होता. उन्हाळी सुट्टीच्या आधीची तारीख होती आणि न्यायालयाने अहवाल मागवला होता. अधिकाऱ्यांना त्याच आठवड्यात दुसऱ्या दोन न्यायालयांत हजर राहायचे होते, म्हणून गृहभेटीला मी गेले. दोषारोपपत्रातल्या पत्त्यावर ते कुटुंब राहतच नव्हते. भाड्याची खोली सोडून ते दुसरीकडे गेले होते. दोन दिवसांनी नवा पत्ता मिळाला. तिथे गेले तर काखेतली फाईल पाहूनच शेजारच्या बाईंनी ‘इथे असं कोणी राहत नाही’ असे सांगितले. कोर्टाची फाईल लांबूनही ओळखू येते, आणि चूक माझीच होती. ती मी पिशवीत ठेवायला हवी होती. तिसऱ्या खेपेला त्या मुलाची आई दारात भेटली. तिने पहिला प्रश्न विचारला तो, ‘तुम्ही कोण?’

या प्रश्नाला दाखवण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे अधिकाऱ्यांच्या नावाचे पत्र होते, त्यावर त्यांची सही होती, माझे नाव नव्हते. ओळखपत्र आम्हाला मिळालेले नाही. मुलाला सोडवून देतो म्हणून पैसे उकळणारी माणसे त्या बाईने आधी पाहिलेली होती, त्यामुळे तिने मला उंबऱ्याच्या आत घेतले नाही, यात तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. शेवटी अधिकाऱ्यांशी फोनवर बोलणे करून दिले, तेव्हा तिने आतून प्लास्टिकची एक पिशवी आणली आणि त्यातून शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्मतारीख होती १ जून. या कामात असलेला कोणीही ही तारीख पाहून थांबतो. शाळेत नाव घालताना खरी तारीख कोणालाच ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहितात, आणि अशा १ जूनच्या किती मुलांची चौकशी मी केली असेल याची गणती नाही. आई म्हणत होती की तो थंडीत जन्मला. दाखल्याच्या तारखेने तो दोषी ठरताना एकवीसच्या आत होता, आईच्या आठवणीने कदाचित नव्हता. दाखला मान्य होतो, आठवण होत नाही. तरीही अहवालात दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहाव्या लागतात आणि त्या नेमक्या शब्दांत कशा लिहायच्या, हे मला कोणी शिकवलेले नाही.

पुकारा झाला तेव्हा अहवाल अपुरा होता. न्यायालयाने अहवालाविना निकाल न देता मुदत दिली, हे त्या न्यायाधीशांचे औदार्यच. पण मध्ये सुट्टी आली आणि पुढची तारीख सुट्टीनंतरची पडली. तोपर्यंत तो मुलगा आतच राहिला. पुढे त्याला कलम ४ खाली देखरेखीच्या आदेशासह सोडण्यात आले. म्हणजे ज्या माणसाला तुरुंगात ठेवू नये असे शेवटी ठरले, त्याने ते आठवडे तुरुंगातच काढले. त्यातले किती दिवस जुन्या पत्त्याचे, किती माझ्या काखेतल्या फाईलचे आणि किती माझ्याजवळ नसलेल्या ओळखपत्राचे, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आहे.

आता कायदा आम्हाला कुठे ठेवतो ते पाहावे. कलम १३ मध्ये परिवीक्षा अधिकारी कोण हे सांगितले आहे : शासनाने नेमलेली किंवा मान्य केलेली व्यक्ती, मान्यताप्राप्त संस्थेने पुरवलेली व्यक्ती, आणि अपवादात्मक प्रसंगी न्यायालयाला योग्य वाटेल अशी अन्य व्यक्ती. कलम १४ मध्ये त्याची कर्तव्ये आहेत. आरोपीची परिस्थिती आणि घरचे वातावरण यांची चौकशी करणे, देखरेखीखालच्या व्यक्तींवर लक्ष ठेवणे आणि गरज असेल तिथे त्यांना योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे, भरपाई किंवा खर्चाची रक्कम भरण्यात त्यांना साहाय्य करणे. यांतल्या प्रत्येक कामाला आमचे हात लागलेले आहेत, परंतु सहायक हा शब्द अधिनियमात एकदाही येत नाही. कलम ७ अहवालाला गोपनीय ठरवते. तो गोपनीय अहवाल ज्या टिपणांवरून तयार होतो ती माझ्या वहीत असतात, आणि कार्यालयातले कपाट बंद झाल्यावर परत आलेल्या दिवशी ती वही माझ्या घरी, माझ्या टेबलाच्या खणात रात्र काढते. तातडीच्या वेळी त्या पानांचे फोटो मी मोबाईलवरून अधिकाऱ्यांना पाठवले आहेत. एखाद्या घरातले व्यसन, सुनेला झालेली मारहाण, मुलीचे मोडलेले लग्न, असे पुष्कळ काही त्या पानांत असते. मी ते कोणाला दाखवत नाही; पण दाखवू नये असे मला बांधणारा नियम कोणता, असे विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

कलम १५ आणि १६ वाचताना मात्र मला थोडी आशा वाटली. कलम १५ परिवीक्षा अधिकाऱ्याला आणि ‘या अधिनियमानुसार नेमलेल्या प्रत्येक अन्य अधिकाऱ्याला’ लोकसेवक मानते, आणि कलम १६ त्याच दोघांना सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल संरक्षण देते. १९५८ साली कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, की हे काम एकट्या अधिकाऱ्याच्या आवाक्यातले नाही आणि त्याच्यासोबत कोणीतरी लागेल. जागा राखून ठेवलेली आहे, तिच्यावर कोणाला बसवलेले नाही. आमची नेमणूक कंत्राटी आदेशाने होते, अधिनियमानुसार होत नाही, म्हणून त्या दोन्ही कलमांच्या छायेबाहेर आम्ही उभे राहतो. एका घरातून मला धक्के मारून बाहेर काढले गेले, तेव्हा पोलीस ठाण्यात ‘सरकारी कामात अडथळा’ असे लिहून घ्यायला कोणी तयार नव्हते, कारण मी सरकारी माणूस आहे हेच कुठे लिहिलेले नव्हते.

अधिकाऱ्यांवर माझा आरोप नाही, हेही येथे स्पष्ट करते. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते स्वतः सुट्टीच्या दिवशी गृहभेटी करतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे विधिसंघर्षग्रस्त बालकाचा, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचा, सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांच्या आत द्यायचा असतो. तो आणि प्रौढ आरोपीचा अहवाल एकाच वेळी समोर आले, की बालकाचा आधी हातात घ्यावा लागतो आणि घ्यायलाही हवा. मग प्रौढाचा मागे पडतो. तो ‘असल्यास’मध्ये जातो.

देखरेखीच्या काळाबद्दल तर वेगळेच पत्र लिहावे लागेल, तरी एक निरीक्षण नोंदवते. हजेरीच्या दिवशी वहीत सही करायला येणाऱ्याची त्या दिवसाची रोजंदारी बुडते. आमच्या नोंदवहीत नियमित येणारा ‘समाधानकारक’ आणि न येणारा ‘असमाधानकारक’ ठरतो. प्रत्यक्षात दर तारखेला येणारे काहीजण निव्वळ बेकार असतात, आणि येणे बंद केलेल्या एकाला शोधत गेले तेव्हा तो एका गॅरेजमध्ये कामाला लागलेला आढळला. सकाळी आठ ते रात्री आठ. त्याच्या वेळेप्रमाणे भेट ठरवण्याचा अधिकार मला नव्हता. अधिकाऱ्यांना होता, त्यांनी तो वापरला, आणि कलम ९ खाली बंधपत्राच्या भंगाची कारवाई टळली. ही माहिती त्या नोंदवहीच्या रकान्यांत कुठेच बसत नव्हती.

शिवाय काम वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने सामुदायिक सेवा ही शिक्षा आणली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर ही शिक्षा आहे. दारूच्या नशेत सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन केल्याबद्दलही ती देता येते. शिक्षा झालेला माणूस सांगितलेल्या ठिकाणी आला का, त्याला तिथे झाडू दिला की नुसते बसवून ठेवले, अपमान झाला का, हे कोणाला तरी रोज पाहावे लागेल, आणि ते काम कोणाकडे येईल याचा अंदाज मला आहे. बोस्टनमध्ये १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या चर्मकाराने एका दारुड्याला स्वतःच्या हमीवर न्यायालयातून सोडवून नेले आणि तीन आठवड्यांनी सुधारलेल्या अवस्थेत परत उभे केले, तिथून या व्यवस्थेची सुरुवात मानतात. त्यालाही कोणते पद नव्हते. मात्र तो माणूस निवडणे न निवडणे त्याच्या हातात होते आणि जोड्यांचे दुकान त्याचे स्वतःचे होते. त्याचे उदाहरण आम्हाला प्रशिक्षणात सांगितले जाईल, तेव्हा एवढा फरक लक्षात घ्यावा.

माझी मागणी एकच आहे. कलम १७ प्रमाणे केंद्र शासनाच्या मान्यतेने नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे, आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांची नेमणूक, कर्तव्ये व खर्च हे त्या कलमातलेच विषय आहेत. त्या नियमांत सहायकाला ‘अधिनियमानुसार नेमलेला अन्य अधिकारी’ म्हणून स्थान द्यावे. एवढे झाले की ओळखपत्र, प्रवासखर्च, गोपनीयतेचे बंधन आणि पोलीस ठाण्यातले ते एक वाक्य, हे सगळे त्याच्या मागोमाग येते. आणि आम्हाला असे स्थान देणे शासनाला शक्य नसेल, तर गृहभेटीला आम्हाला एकटे पाठवू नये, असा स्पष्ट आदेश काढावा; मग अहवालांना किती वेळ लागतो ते न्यायालयांना आणि शासनाला दिसेल.

दोन सहकाऱ्यांच्या मदतीने मी या नियमाचा दीड पानी मसुदा तयार केला आहे. त्यात सहायकाने कोणती चौकशी एकट्याने करावी आणि कोणती अधिकाऱ्याच्या उपस्थितीतच व्हावी, याची विभागणी आहे. वयाच्या पुराव्याबद्दलचा भाग मी तीन वेळा लिहिला आणि तो अजून मनासारखा उतरलेला नाही. आपल्या कार्यालयाने वेळ दिल्यास मी तो घेऊन हजर राहीन. वार मंगळवार किंवा शुक्रवार नसावा, एवढी विनंती. ते आमचे हजेरीचे दिवस आहेत.

आपली विश्वासू,
परिवीक्षा कार्यालयातील एक सहायिका