बाइंडरकाका, पत्ते टिकले!

बाइंडरकाका, सा. न. वि. वि.

मे महिन्यात भर दुपारी, आप्पा बळवंत चौकामागच्या तुमच्या दुकानात कागदांची ओली चळत घेऊन आलेली बाई आठवते का? ती मी. तुम्ही नुकताच डबा उघडला होता, तरी हात पुसून उठलात. पैसे घेतले नाहीत, म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

लेकीसाठी किल्ल्यांचे पत्ते करायचे होते. छत्तीस किल्ले, ज्याची उंची जास्त, त्याचा हात. घरचा इंकजेट प्रिंटर, आणि ६३ बाय ८८ मिलिमीटरचे नऊ पत्ते एका ए-फोर कागदावर बसतात. म्हणजे चार कागदांत काम फत्ते, असा माझा हिशेब. पहिल्या खेपेला 'फिट टू पेज' तसंच राहिलं आणि सगळे किल्ले आक्रसले. ते सोडा. २२० जीएसएमचा जाड कागद प्रिंटरने अर्धा गिळला आणि चुरगळून परत दिला. पातळ कागदावर छापलं, तर दिव्यासमोर माझ्या हातातला साल्हेर लेकीला पाठीमागून दिसायला लागला. मग दोन कागद डिंकाने चिकटवले. शाई फुटली, राजगडाची बालेकिल्ल्यासकट निळी चटणी झाली, आणि वाळल्यावर पत्ते पापडासारखे वळले.

तुम्ही एक पत्ता नखाने सोलून पाहिलात. हसला नाहीत, त्याचे वेगळे आभार. मध्ये काळा कागद घाला म्हणालात. बाजारातल्या चांगल्या पत्त्यांच्या पोटातही काळा थर असतो. खळ घट्ट हवी आणि ती छापलेल्या कागदाला नाही, काळ्याला लावायची, दोन्ही अंगांना, म्हणजे ओढ सारखी बसते. मग एक कोरा कागद घेऊन आधी आडवा वाकवलात, मग उभा. एकीकडे निमूट वाकला, दुसरीकडे अडला. लाकडाला रेषा असते हे ठाऊक होतं. कागदालाही असते आणि तिन्ही थरांची एकाच दिशेला ठेवायची, हे चाळिशीत कळलं. सावंतवाडीच्या गंजिफाही, म्हणजे तिथले हाताने रंगवलेले पत्ते, थरावर थर चिकटवूनच होत आल्यात, हे जाता जाता.

खळीच्या पातेल्याकडे गेलेला तुमचा हात मात्र मध्येच थांबला. "यात मोरचूद आहे, कसरीवरचं विष. पोरं पत्ते तोंडात धरतात." आणि माझ्यासाठी मैद्याची नवी खळ शिजवायला घेतलीत, मोरचुदाशिवाय. "कसर लागली तर लागू दे, पुन्हा छापा." डबा तोवर गार झाला होता.

खळ निवेपर्यंत पत्ते चाळताना तुमच्या हाती मुरूड-जंजिरा आला. समुद्रातला किल्ला, म्हणून मी उंची शून्य मांडली होती. "मराठ्यांना जो शेवटपर्यंत घेता आला नाही, तो इथे दर डावात हरणार? त्याला हुकूम करा."

केला. आता १५६७ मीटरचा साल्हेर पडो की १४०३ मीटरचा तोरणा, वर जंजिरा आला की हात गेला. रात्रभर पाट्याखाली दाबून, वाळल्यावर कापलेले ते पत्ते दिवाळीपर्यंत सरळ राहिलेत. अडचण एकच. सगळ्यांनी जपून जपून धरल्यामुळे जंजिऱ्याची पाठ सर्वांत मळली आहे आणि तो कुणाकडे आहे हे लांबूनच कळतं. लेकीला आता नवा जंजिरा हवाय. शनिवारी येते, तुमचं जेवण झाल्यावर.